तुम्ही विचारलंत म्हणून: मोठी मोटर का नाही?

"रिमोटच्या स्लायडरवर दृश्य थरथरतं, मग मोठी मोटर का लावत नाही?" हे ऐकून आता खरंच वैताग येतो. स्लायडर म्हणजे मोटरने कॅमेरा ट्रॅकवरून सरकवणारं साधन. थरथर ताकद कमी पडल्यामुळे होत नाही.

20 दात्यांची पुली आणि 2 मिमी पिचचा (दोन दात्यांमधलं अंतर) टायमिंग बेल्ट, म्हणजे दातेरी पट्टा, घेतला की मोटरच्या एका फेऱ्यात कॅमेरा 40 मिमी सरकतो. अडीच किलोची कॅरेज (कॅमेऱ्यासकट सरकणारा भाग) ट्रॅक सरळ उभा असताना तोलून धरायला साधारण 16 न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, लागतो. साधी नेमा 17 मापाची स्टेपर मोटर (पावलापावलाने फिरणारी) थांबलेली असताना 40 च्या आसपास देते. मोठ्या मोटरबरोबर बॅटरीही मोठी लागते, आणि हे सगळं पाठीवर घेऊन गड चढायचा असतो.

एका फेऱ्यात 200 पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल 0.2 मिमीचं. टेलिफोटोवर, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, तोच धक्का दिसतो. मोटर चालवणाऱ्या टीएमसी 2209 ड्रायव्हर चिपवर 16 मायक्रोस्टेप ठेवा (एका पावलाचे 16 बारीक भाग), सुरुवातीला आणि शेवटी वेग हळूहळू बदला, बेल्ट ताणा. बहुतेक थरथर तिथेच जाते.

पण एक चूक कबूल करतो, ती याच हिशोबाच्या भरवशावर झाली. ट्रॅक 45 अंशात तिरका, कॅमेरा वरच्या टोकाला. बॅटरी उतरली आणि तिच्या संरक्षक सर्किटने पुरवठा तोडला. स्टेपर मोटर करंट आहे तोवरच धरून ठेवते. तो गेला की उरणारी पकड अगदीच किरकोळ. कॅरेज 80 सेंमी घसरून सेकंदभरात खाली आदळली. प्रिंट केलेला स्टॉपर तुटला, लेन्सचा माउंट वाकला. ट्रॅकच्या टोकाला लिमिट स्विच होता, पण तो कंट्रोलरला फक्त खबर देतो, आणि कंट्रोलरच बंद पडला होता. मी टॉर्क मोजला होता, वीज गेल्यावर काय होईल ते मोजलं नव्हतं.

तेव्हा मी ठासून सांगायचो, बेल्टऐवजी लीड स्क्रू (फिरून कॅरेज सरकवणारा आटेदार दांडा) नकोच. आज तसं म्हणवत नाही. फेऱ्याला 2 मिमी सरकणारा स्क्रू वीज गेली तरी मागे घसरत नाही. पण सेकंदाला 100 मिमी वेग हवा तर त्याला मिनिटाला 3000 फेरे लागतात, आणि तेवढ्या वेगात स्टेपरचा टॉर्क पार ढासळतो. बेल्टला 150 फेरे पुरतात. वीज गेली की आवळणारा ब्रेक लावला, तर तो उघडा ठेवायला सतत करंट जातो. बेल्टच्या दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन बांधलं, तर हलवायचा भार जवळपास दुप्पट होतो.

सध्या तिरक्या शॉटला वरच्या टोकापासून कॅरेजला सैल दोरी बांधतो, शॉटच्या लांबीपेक्षा जेमतेम 5 सेंमी जास्त. आणि बॅटरी प्रत्येक सेल 3.5 व्होल्टवर आली की बदलतो.