फीडबॅक झकास, पण ठरलेल्या कामांचं काय झालं?

स्ट्रॅटेजी वर्कशॉपला तीन महिने झाले, आता तिथे ठरलेल्या कामांचं काय झालं तेवढं सांगा, एवढंच मागत होतो. मुंबईत बीकेसीतल्या त्या कंपनीला हे देणं अख्खं वर्कशॉप भरवण्यापेक्षा जड गेलं.

मी फॅसिलिटेटर, म्हणजे अशा वर्कशॉपमध्ये चर्चा घडवून आणणारा. चर्चा घेण्याच्या कोणत्या पद्धतीतून टिकणारे निर्णय निघतात, हे या वेळी मोजायचंच होतं. मॅनेजरांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. प्रश्न एकच, वेळ तेवढाच. एका गटाने तोंडी ब्रेनस्टॉर्मिंग केलं, दुसऱ्याने आधी गुपचूप लिहिलं, मग कागद फिरवले. येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगात एकेकट्याने काढलेल्या कल्पना एकत्र केल्यावर गटापेक्षा जास्त भरल्या होत्या. पाळीची वाट बघण्यात माणूस अडकतो, हे कारण डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं. आपल्याकडे त्यात साहेबांची भर! ते बोलेपर्यंत सगळे गप्प, बोलल्यावर सगळे तेच बोलणार.

कोणतं काम कुठवर आलं याची यादी मागितली आणि टोलवाटोलवी सुरू झाली. ट्रेनिंगवाले म्हणाले, "सर, फीडबॅक तर झकास आलाय, आणखी काय हवंय?" हा फीडबॅक म्हणजे सगळ्यांचं लक्ष कुर्ल्याच्या शेअर रिक्षाकडे असताना भरून घेतलेला फॉर्म. हॉल, जेवण, ट्रेनर, पाचपैकी किती? प्रतिक्रिया, शिकणं, वागण्यातला बदल, परिणाम या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडल्या. हे अजून पहिलीवरच.

ट्रेनिंगने स्ट्रॅटेजीकडे पाठवलं, स्ट्रॅटेजीने लीगलकडे. लीगल म्हणे, माहिती गोपनीय. माझा सही केलेला एनडीए (गोपनीयतेचा करार) त्यांच्याच फायलीत, तरी "नव्याने रिक्वेस्ट टाका". तिचा नमुना कुठे? ट्रेनिंगकडे! दर खेपेला गेटवर पुन्हा फोटो, पुन्हा लॅपटॉपचा सीरियल नंबर, आणि वरून कोणी न्यायला येईपर्यंत लॉबीत एसीखाली कुडकुडणं.

शेवटी डायरेक्टरांच्या पीए बाईंनी गाठ सोडवली. "प्रोजेक्टची नावं कशाला मागता? नंबर आहेत ना?" खरंच, प्रत्येक निर्णयाला वर्कशॉपच्या दिवशीच नंबर दिला होता. नंबरासमोर चार पर्याय: झालं, सुरू आहे, रखडलं, सोडलं. जेवणाच्या सुट्टीआधी यादी मेलवर.

लिहिणाऱ्या गटाचे निर्णय जास्त पुढे सरकले होते. एका वर्कशॉपवरून पद्धत श्रेष्ठ ठरत नाही, हे अहवालातही लिहिलं. पण दोन्ही गटांत, ज्या निर्णयांपुढे एका माणसाचं नाव होतं ते हलले. "सेल्स टीम" लिहिलेले जागच्या जागी.

तुम्ही अशी तुलना करणार असाल तर यादीची अट वर्क ऑर्डरमध्येच घाला. दोन्ही गटांना सूचना लेखी द्या, नाहीतर फरक पद्धतीचा की सांगणाऱ्याचा, ते कळत नाही. आणि हो, भिंतीवरच्या चार्टचे फोटो हाउसकीपिंगवाले यायच्या आत काढा.

पुढच्या वर्कशॉपसाठी त्याच ट्रेनिंग विभागाने कोटेशन मागितलंय. यादीची अट पहिल्याच ओळीत टाकली. "ही ओळ काढता येईल का?" असा मेल आलाय. नाही म्हणून कळवलं.