विमान तयार, बॅटरी ‘होल्ड’वर

फोम बोर्डाचं, बॅटरीवर उडणारं छोटं रिमोटचं विमान घरी बांधायचं असेल तर माझं पहिलं सांगणं एकच: नकाशा छापायच्याही आधी बॅटरी मागवा. कापणं, चिकटवणं, मोटर बसवणं ही पावसाळ्यातल्या मोकळ्या रविवारांची कामं आहेत. १८० ग्रॅमची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी गोव्यातल्या एखाद्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीवर, घरपोच मिळवणं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

विमान अगदी साधं ठेवलं. पंख वरच्या बाजूला, रिमोटवरून चालणाऱ्या तीनच गोष्टी, म्हणजे तीनच चॅनेल: मोटर, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी), रडर (डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी). पंखाची लांबी १०० सेंमी, रुंदी २० सेंमी, दोन्ही टोकं मधल्यापेक्षा ५ सेंमी उचललेली. या उचलीमुळे नुसत्या रडरवर विमान वळतं आणि रिमोटची काडी सोडली की आपोआप सरळ होतं, म्हणून पहिल्या विमानाला एलेरॉन (पंखावरच्या हलत्या पट्ट्या) नकोतच. धड ७५ सेंमी, शेपटीचा आडवा पंख ४० बाय १० सेंमी. २२१२ मापाची १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेऱ्यांची) ब्रशलेस मोटर, १० बाय ४.५ इंची प्रॉप (पुढचा पंखा), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), पट्ट्या हलवणाऱ्या ९ ग्रॅमच्या दोन छोट्या मोटरी म्हणजे सर्व्हो, फ्लायस्काय आय-सिक्स ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि त्याचा सहा चॅनेलचा रिसीव्हर. हे सगळं एका खोक्यात वेळेवर आलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

फोमबद्दल मात्र आहे. दुकानात ‘सनबोर्ड’ मागितला की दोनपैकी काहीही हातात पडतं. एक पीव्हीसीचा, पाट्यांसाठी वापरतात तो. त्याचा ५ मिमी जाडीचा एक चौरस फूट २०० ग्रॅमच्या वर भरतो आणि त्याचं विमान उडत नाही. दुसरा आत फोम आणि दोन्ही बाजूंना कागद असलेला. तो चौरस फुटाला ५० ग्रॅमच्या आसपास किंवा कमी असायला हवा. नावावर जाऊ नका, तुकडा वजनकाट्यावर ठेवा. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी जा, नाहीतर सगळा माल मखरांना गेलेला असतो.

आता बॅटरी. ३ सेल, ११.१ व्होल्ट, २२०० एमएएच (साठवण), २५सी (किती जोरात वीज देऊ शकते त्याचा आकडा). ऑर्डर एकच, पैसे एकदाच भरलेले, पण विक्रेत्यानं न सांगता दोन पार्सलं केली आणि बॅटरीचं पार्सल वेगळ्या वाटेनं निघालं. त्याला कारण आहे. कुठल्याही उपकरणात नसलेली सुटी लिथियम आयन बॅटरी (लायपोही त्यातच धरतात) वाहतुकीच्या हिशेबात यूएन ३४८० या क्रमांकाचा धोकादायक माल ठरते, आणि एप्रिल २०१६ पासून तो प्रवासी विमानात माल म्हणून चढवायला बंदी आहे. तीच बॅटरी उपकरणात बसवली की क्रमांक ३४८१ होतो आणि नियम सैल होतात. म्हणून शेजाऱ्याचा नवा फोन झटकन येतो आणि आपली बॅटरी ट्रकमधून घाट उतरत बसते. ट्रकबद्दल माझी तक्रार नाही. ट्रक गोव्यात रिकामा होतो, त्याच्या पुढचं सगळं तक्रारीचं आहे.

ट्रॅकिंगवर एकच शब्द: होल्ड. फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी तोच शब्द एका बाईच्या आवाजात. कुरियरच्या गोदामात प्रत्यक्ष गेलं की टेबलामागचा माणूस स्क्रीनकडे बघून सांगतो, ‘बाब, सिस्टिमांत होल्ड दाखयता. फाल्यां येयात.’ म्हणजे सिस्टिममध्ये होल्ड दिसतंय, उद्या या. पार्सल त्याच्याच पाठीमागे रॅकवर होतं. लाल तिरप्या रेघांची किनार, मध्ये बॅटऱ्यांचं चित्र आणि त्यातल्या एकीतून निघालेली ज्वाळा. हे लेबल लांबूनही ओळखू येतं. मी बोट दाखवलं. त्यानं मागे वळून पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. मध्ये चवथ आली. चवथीच्या आगेमागे गोव्यात काय हलतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोदामाला कुलूप, कुरियरची पोरं गावी.

होल्ड कशासाठी, हे कुणी आपणहून सांगत नाही. खोदून विचारावं लागतं. पहिलं कारण कागदांचं निघालं. बॅटरीचं सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला सगळे एमएसडीएस म्हणतात, आणि यूएन ३८.३ चाचणीचा सारांश. दोन्ही कागद विक्रेत्याकडे पीडीएफमध्ये तयार असतात. मागितले की ईमेलवर येतात, न मागता येत नाहीत. ऑर्डर देतानाच मागून घ्या आणि छापून ठेवा. गोदामातल्या माणसाला फोनवरचा कागद दिसत नाही, छापलेला दिसतो.

कागद दिले तर दुसरं कारण उगवलं: पत्ता अपूर्ण. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, ४०३ नं सुरू होणारा पिनकोड, सगळं होतं. त्यांच्या सिस्टिमला रस्त्याचं नाव हवं होतं. वाड्यावरच्या वाटेला नाव कुठून आणायचं? तेव्हा रस्त्याच्या रकान्यात जवळचं देऊळ, कपेल (छोटं चर्च) किंवा बसथांबा लिहा, तो रकाना रिकामा सोडू नका. त्याहून बरं म्हणजे म्हापसा, फोंडा, मडगाव अशा ठिकाणच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या आणि तिथून उचला. अजून एक: पोचवायचे प्रयत्न फसले की पार्सल आपोआप परतीला लागतं. ‘मी स्वतः येऊन नेतो, परत पाठवू नका’ असं ईमेलनं लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीच्या माणसाला माहीत नसतं.

पुण्या-मुंबईहून कुणी येणार असेल तर कुरियरच्या नादाला लागूच नका. दुकानातून घेऊन बॅटरीच्या कनेक्टरवर टेप लावून हातातल्या पिशवीत आणायला सांगा. विमानानं येणारा माणूसही ती केबिन बॅगेत आणू शकतो, चेक-इनच्या सामानात मात्र नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला केबिनमध्ये मुभा आहे आणि आपली २४.४ ची. (११.१ गुणिले २.२. सुरक्षा तपासणीवाल्यानं विचारलं तर हा गुणाकार तोंडपाठ असावा.)

बॅटरीविना काम का अडतं, हे बांधल्याशिवाय कळत नाही. ६५० ग्रॅमच्या विमानात १८० ग्रॅम एकटी बॅटरी आहे. ती एक सेंमी पुढेमागे सरकली की सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, जवळपास तीन मिमी सरकतो. म्हणजे बॅटरी कुठे बसणार ते ठरल्याशिवाय नाकाची लांबी ठरत नाही. यावर उपाय खोट्या बॅटरीचा. १०५ बाय ३४ बाय २४ मिमीची पुठ्ठ्याची डबी करा आणि त्यात कोरडी वाळू भरा. नुसत्या वाळूनं १३५-१४० ग्रॅमच होतात; उरलेलं वजन गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्यांनी भरा. मासेमारीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात त्या मिळतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १८० झाले की डबी टेपनं बंद करा आणि तीच बॅटरी समजून विमान तोला.

सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंमीवर हवा. पंखाखाली दोन्ही बाजूंना तिथं खूण करा आणि दोन बोटांवर विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल. शेपटी खाली गेली तर अजिबात उडवू नका. ते विमान नाक वर करतं, वेग हरवतं आणि पडतं, आणि नवशिक्याला ते सावरता येत नाही. सर्व्हो शेपटीत न बसवता पंखाखाली बसवायचे तेही यासाठीच. शेपटीतले १० ग्रॅम तोलायला नाकात २५ ग्रॅम घालावे लागतात. बॅटरीच्या कप्प्यात पुढेमागे तीन-तीन सेंमी जागा सोडा आणि खाली वेल्क्रो लावा.

मोटरची चाचणीही अडून राहत नाही. स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी टेबलावर चालते, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून आणि प्रॉप काढून. पण चार्जिंगवरून नुकती काढलेली असेल तर तिचा व्होल्टेज १३ च्या वर असतो. चार सेल चालवणारा ईएससी तिला चार सेलची समजण्याची शक्यता असते, आणि मग थोडा भार आला की बॅटरी संपली असं समजून मोटर बंद करतो. थोडा वेळ हेडलाइट लावून उतरवा. ट्रान्समीटरचा थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी काडी) पूर्ण वर ठेवून ईएससी जोडायचा, दोन बीप आल्या की थ्रॉटल खाली आणायचा, लांब बीप आली की कॅलिब्रेशन झालं. बीप थांबतच नसतील तर थ्रॉटल शून्यावर नाही. थ्रॉटलशेजारचं ट्रिमचं (बारीक जुळवणीचं) बटण खाली करा. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटला तर काय करायचं त्या सेटिंगमध्ये, तिसरा चॅनेल (या ट्रान्समीटरवर थ्रॉटलचा) शून्यावर सेट करा. हे न करता उडवणाऱ्याच्या शेजारी मी उभा राहत नाही.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल काढून पॅक बनवायचा सल्ला कुणीतरी देईलच. ही मोटर पूर्ण थ्रॉटलला १२ ते १५ अँपिअर ओढते. ते सेल तेवढ्यासाठी बनलेलेच नसतात. तापतात, व्होल्टेज कोसळतो आणि मोटर हवेत बंद पडते.

बॅटरी हातात पडली की गोदामाच्या दारातच खोकं उघडा. बॅटरी सपाट आणि घट्ट लागली पाहिजे. उशीसारखी फुगली असेल तर तिथंच फोटो काढा आणि परत करा. बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलची तार बाहेर आणणाऱ्या छोट्या पांढऱ्या प्लगवर) मल्टिमीटर लावून प्रत्येक सेल वेगळा मोजा. ३.७ ते ३.८५ व्होल्ट आणि तिन्ही सेल एकमेकांच्या ०.०२ च्या आत असतील तर छान. एखादा सेल ३ च्या खाली असेल तर ती बॅटरी चार्जच करू नका. माझी, एवढ्या सगळ्यातून, तिन्ही सेल ३.८१ दाखवत आली. अशी चिवट वस्तू आणि तिला असले सांभाळणारे!

बॅटरीला बहुतेक वेळा एक्सटी-६० कनेक्टर असतो, ईएससीच्या तारा उघड्या. ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न घ्या, २५ वॉटच्या आयर्ननं जाड तार तापत नाही. सोल्डर करताना कनेक्टरमध्ये त्याचा जोडीदार खुपसून ठेवा म्हणजे प्लास्टिक वितळून पिना तिरक्या होणार नाहीत. हीट श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी आधी ओवा. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या) २.२ अँपिअरनं, प्रत्येक सेल ४.२० व्होल्टपर्यंत, आणि चार्ज होईस्तोवर जवळून हलू नका.

गोंदाचं राहिलंच. फेविक्विक या फोमचा गर खातं, तिथं हॉट ग्लू वापरा. पण मेच्या उन्हात बंद गाडीत विमान ठेवलं तर हॉट ग्लूही मऊ पडतो आणि मोटरची प्लायची फळी सुटते. तिला चार स्क्रू किंवा झिप-टाय हवेतच. फळी अशी बसवा की मोटर दोन-तीन अंश खाली आणि उजवीकडे बघेल. बोर्डाच्या कापलेल्या कडा पारदर्शक टेपनं बंद केल्या नाहीत तर आपल्या दमट हवेत कागद सुटतो.

उडवायला कापणी झालेलं शेत उत्तम. चाकं लावूच नका, पोटावर उतरवा. सकाळी नऊच्या आत, समुद्राकडचा वारा सुटायच्या आधी. किनाऱ्यावर नको, माणसं असतात आणि वाळू मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आपल्या एवढ्याशा राज्यात आहेत, शिवाय दाबोळी नौदलाचा तळ. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून १२ किमीपर्यंत निर्बंध येतात आणि आपलं विमानही त्या नियमांखाली येतं. जागा ठरवण्याआधी सरकारी हवाई नकाशा ऑनलाइन पाहा आणि हिरव्या भागातच जा.

थ्रॉटल दोन-तृतीयांश, वाऱ्याच्या तोंडाला, विमान आडवं सपाट सोडायचं. वर फेकायचं नाही. ट्रान्समीटरवर ८ मिनिटांचा टायमर लावा. उतरल्यावर सेल ३.७ च्या खाली नकोत, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८५ वर आणून लोखंडी डब्यात ठेवा.

दुसरी बॅटरी पहिली जिवंत असतानाच मागवा. प्रॉप चार-पाच जास्तीचे घ्या, तेच सगळ्यात आधी मोडतात. त्यांना मात्र काही त्रास नाही, ते विमानानंही येतात.