मुंबई ते न्यूयॉर्क, साडेसहा तास

बाबा एसटीत कंट्रोलर होते. गाडी कितीला सुटली, कितीला लागली, मध्ये किती वेळ गेला, हे पाहण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे दादाने तिकीट पाठवल्यावर त्यांनी भाडं पाहिलं नाही, वेळ पाहिली. मुंबईहून पहाटे 1.45, न्यूयॉर्क त्याच दिवशी सकाळी 8.15.

"साडेसहा तासांत अमेरिका?"

मी सांगितलं, उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, ते मिळवा. सोळा तास झाले. परतीला तिथून दुपारी 12 ला सुटून इथे दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला. दिसतात चोवीस, साडेनऊ वजा केले की साडेचौदा. हे त्यांना पटलं. पण मग पुढचा प्रश्न आलाच: "किलोमीटर किती?"

माळ्यावरून माझा शाळेतला पृथ्वीगोल काढला. फूटभर व्यासाचा, आफ्रिकेला पोचा आलेला. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईवर धरला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर ती सौदी, इजिप्त, मोरोक्कोवरून जाते. दोरा मात्र सरकून वरच गेला: बलुचिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्को, हेलसिंकी, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक. बाबांनी दोनदा सोडून पुन्हा ताणायला लावला. नकाशावरची ती 'सरळ' वाट खरं तर चौदा हजार किलोमीटरच्या वर भरते.

दोरा पट्टीवर मोजला, 30 सेंटिमीटर. एवढ्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 418 किलोमीटर, म्हणजे झाले साडेबारा हजार. नंतर मी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन कॅल्क्युलेटरवर साईन-कोसाईनचं गणित केलं. कोन आला 112.7 अंश. अंशाला 111 किलोमीटर धरले तरी तेच उत्तर. दोऱ्याने लाज राखली.

ताशी 900 ने चौदा तास होतात. मग वरचे दोन कुठले?

अर्धा तास तर चढण्या-उतरण्यात आणि धावपट्टीवर जातो. शिवाय आमच्या दोऱ्याची वाट आत्ता मोकळी नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आकाश बंद केलं, त्यामुळे विमान आधी अरबी समुद्रावरून वळसा घेतं. आणि वारा. तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी असतात.

"म्हणजे जाताना घाट चढायचा, येताना उतरायचा," बाबा म्हणाले. वळशाला त्यांच्याकडे शब्द होताच, डायव्हर्शन.

गेल्या मंगळवारी ते गेले. खुर्चीसमोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा लावून ठेवला होता म्हणे, सिनेमा एकही नाही. दादाच्या फोनवरून मेसेज आला: "पोचलो. 20 मिनिटं बिफोर. ड्रायव्हर चांगला होता."