पुसलेल्या फिती आणि सव्वाशे पानांची पुस्तके

बीबीसीने 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेविषयी लिहिणारे बहुतेक जण काळातून प्रवास करणाऱ्या निळ्या पेटीपासून, डालेक नावाच्या यांत्रिक कवचातील शत्रूंपासून किंवा मरणाच्या दारातून नवा चेहरा घेऊन परतणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या नायकापासून सुरुवात करतात. मला ही मालिका प्रिय आहे ती प्रामुख्याने तिच्या पुस्तकांमुळे, आणि ही पुस्तके नसती तर मालिका आजवर टिकली नसती असे माझे ठाम मत आहे. लोकप्रिय कार्यक्रमाच्या नावावर खपणारा दुय्यम माल म्हणून अशा पुस्तकांकडे पाहण्याची समीक्षकांना सवय असते. ‘डॉक्टर हू’च्या बाबतीत हा निवाडा किती अन्यायाचा आहे, ते सविस्तर सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांत कृष्णधवल स्वरूपात 253 भाग प्रसारित झाले. चित्रफिती त्या काळी महाग असत, त्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरणे ही रीतच होती. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम वारंवार दाखवता येत नसत. आणि रंगीत प्रसारण सुरू झाल्यावर कृष्णधवल भागांना कोणी विचारील, असे संस्थेतील कोणालाच वाटले नाही. परदेशी विकण्यासाठी काढलेल्या 16 मिलिमीटर फिल्मच्या प्रतीही पुढे टाकून दिल्या गेल्या. 2013 मध्ये नायजेरियातील एका दूरचित्रवाणी केंद्रातून काही भाग परत मिळाले, तरी त्यानंतरही 97 भाग हरवलेलेच राहिले. घरोघरी टीव्हीसमोर ध्वनिमुद्रक ठेवून प्रेक्षकांनी केलेल्या मुद्रणांमुळे सर्व भागांचे आवाज तेवढे शिल्लक आहेत. आपल्याला हे दुःख अपरिचित नाही, कारण 1931 सालच्या ‘आलम आरा’ची, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातसुद्धा नाही. फरक इतकाच की ‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या कथा कोणीतरी पुस्तकांत लिहून ठेवल्या होत्या.

या लेखनाचा आरंभ मालिकेइतकाच जुना आहे. मालिकेचे पहिले कथा-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी 1964 मध्ये डालेकांच्या पहिल्या कथेवर कादंबरी लिहिली आणि पडद्यावरच्या सुरुवातीला सरळ बाजूला सारले. मालिकेत दोन शिक्षक आपल्या विलक्षण हुशार विद्यार्थिनीचा माग काढत एका भंगारखान्यात पोहोचतात. कादंबरीत मात्र लंडनजवळच्या बार्न्स कॉमन या माळरानावर, दाट धुक्यात, एका अपघातापासून गोष्ट सुरू होते, आणि ती सगळी मालिकेतील त्या शिक्षकांपैकी एक असलेले इयान चेस्टरटन हे पात्र प्रथमपुरुषी निवेदनातून सांगते. जो नायकाला ओळखत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हेही ज्याला कळत नाही, अशा सामान्य माणसाच्या नजरेतून आपण डॉक्टरकडे पाहू लागतो. मालिकेवरून पुस्तक लिहिताना संवादांच्या मध्ये ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ घालून भागत नाही आणि कथा पुन्हा नव्याने रचावी लागते, ही समज पहिल्याच लेखकाला होती, याचे मला आजही अप्रूप वाटते.

व्हिटेकर यांच्या दोन आणि बिल स्ट्रटन यांच्या एका कादंबरीनंतर हा प्रवाह थांबला होता. मे 1973 मध्ये टार्गेट नावाच्या प्रकाशन-मुद्रेने, म्हणजे प्रकाशकाच्या पुस्तकमालेच्या नावाने, याच तीन कादंबऱ्या स्वस्त कागदी बांधणीत पुन्हा काढल्या. त्या खपल्या आणि जानेवारी 1974 मध्ये दोन नव्या कादंबऱ्या आल्या : टेरन्स डिक्स यांची ‘ऑटन इन्व्हेजन’ आणि माल्कम हल्क यांची ‘केव्ह मॉन्स्टर्स’. त्यानंतरच्या दोन दशकांत मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक कथेला साधारण सव्वाशे ते दीडशे पानांचे पुस्तकरूप मिळाले. मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट 1983 मध्ये बाजारात आली, हे लक्षात घेतले म्हणजे या पुस्तकांचे महत्त्व कळते. एखादी कथा पुन्हा अनुभवायची असेल, किंवा आपल्या जन्माआधीचा डॉक्टर कसा होता हे जाणून घ्यायचे असेल, तर ब्रिटनमधील मुलापुढे ग्रंथालयातून टार्गेटचे पुस्तक आणण्यावाचून दुसरा मार्ग जवळपास नव्हता. त्या पिढीने डॉक्टर पाहिला त्याहून अधिक वाचला.

हल्क यांच्या ‘केव्ह मॉन्स्टर्स’विषयी मला थोडे सावकाश लिहायचे आहे, कारण या संपूर्ण पुस्तकपरंपरेतील ते सर्वोत्तम पुस्तक आहे असे मी मानतो. 1970 मध्ये प्रसारित झालेल्या मूळ कथेत मानवजातीच्या आधी पृथ्वीवर राज्य करणारी सरीसृपांची एक प्रगत जात भूगर्भात युगानुयुगे निद्रिस्त असते आणि जागी झाल्यावर आपली पृथ्वी परत मागू लागते. पडद्यावर हे जीव म्हणजे रबरी पोशाखातील नट होते, त्यांना स्वतंत्र नावेही नव्हती. हल्क यांनी कादंबरीचे पहिले प्रकरण त्यांच्याच बाजूने लिहिले. आकाशातून एक गोल पृथ्वीकडे सरकत येत आहे, भूगर्भातील आश्रयस्थानात झोपी जाण्याची वेळ आली आहे, आणि ओक्डेल नावाचा एक सरीसृप आपल्या जगाचा निरोप घेतो आहे. माणसाचे पात्र कथेत येण्यापूर्वीच आपण त्यांना नावानिशी ओळखू लागतो, त्यामुळे पुढे माणसे त्यांना ‘राक्षस’ म्हणतात तेव्हा तो शब्द आपल्यालाच बोचतो. हल्क एके काळी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. भूमी कोणाची, आधी आलेल्याची की आज तिच्यावर राबणाऱ्याची, हा प्रश्न त्यांनी लहान मुलांच्या पुस्तकात इतक्या सरळपणे मांडला आहे की त्याला उपदेशाचा वासही येत नाही. माणसांनाही त्यांनी तोच न्याय लावला. पडद्यावर चार वाक्ये बोलून जाणाऱ्या मिस डॉसनला पुस्तकात वृद्ध आईची काळजी घेण्यात सरलेली वर्षे मिळाली, आणि तिच्या पुढच्या वागण्याला त्या वर्षांचा आधार मिळाला. दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या खर्चात जे बसले नाही, आणि संवादांत जे सांगता आले नाही, ते सगळे येथे आहे.

टेरन्स डिक्स यांची प्रकृती वेगळी होती. 1968 ते 1974 या काळात ते मालिकेचे पटकथा-संपादक होते आणि पुढे टार्गेटसाठी त्यांनी साठाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. इतक्या वेगाने लिहिणाऱ्या लेखकाची काही पुस्तके पटकथेचा केवळ गोषवारा वाटावीत हे स्वाभाविक आहे, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातील त्यांची काही पुस्तके तशी आहेतही. परंतु त्यांच्या गद्याचा साधेपणा मोठ्या कष्टाने कमावलेला होता. डालेकांनी जिंकलेल्या लंडनची कथा त्यांनी 1977 मध्ये लिहिली. तिचे पहिलेच वाक्य सांगते की एका शहराच्या भग्नावशेषांतून एका माणसाचा भग्नावशेष चालला होता. पडद्यावर त्याच दृश्यासाठी एक नट, एक पूल आणि नदी एवढा सरंजाम लागला होता; डिक्स यांनी ते एका ओळीत संपवले, आणि दहा वर्षांच्या वाचकालाही त्या ओळीत काय हरवले आहे ते कळावे असे लिहिले. डॉक्टरचे यान, म्हणजे ती निळी पेटी, उतरताना होणाऱ्या घरघरीचे आणि कण्हण्याचे त्यांनी ठरवून टाकलेले वर्णन पुस्तकामागून पुस्तकात येत राहिले. कीर्तनात ध्रुवपद परत आले की श्रोता सावरून बसतो, तसे वाचकाचे ते शब्द आले की होते.

डिक्स यांचे सर्वांत मोठे देणे मात्र एका वेगळ्या पुस्तकात आहे. हल्क यांच्यासह त्यांनी 1972 मध्ये मालिकेच्या निर्मितीविषयी एक माहितीपर पुस्तक लिहिले होते. 1976 मध्ये त्याची आवृत्ती नव्याने सिद्ध करताना डिक्स यांनी नायकाच्या स्वभावाविषयी लिहिले की तो हार मानत नाही, तो शांतताप्रिय आहे, आणि तो कधीही क्रूर किंवा भ्याड होत नाही. मालिकेच्या कोणत्याही भागात तोपर्यंत हे इतक्या नेमकेपणाने सांगितले गेले नव्हते. 2013 मध्ये पन्नासाव्या वर्षाच्या विशेष भागात हेच शब्द डॉक्टरने स्वीकारलेल्या नावाचे वचन म्हणून उच्चारले गेले. संदर्भपुस्तकातील एक ओळ सदतीस वर्षांनी मालिकेची आचारसंहिता झाली.

हरवलेल्या कथांकडे पुन्हा वळतो. मालिकेचा अगदी पहिला भाग दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे लखनौमध्ये जन्मलेले तरुण दिग्दर्शक होते, आणि 1964 मधील ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथाही बहुतांशी त्यांचीच. त्या सातांपैकी एकही भाग आज उपलब्ध नाही. आवाज आहे, छायाचित्रे आहेत, आणि मूळ लेखक जॉन लुकारोटी यांनी ऐंशीच्या दशकात लिहिलेली कादंबरी आहे. पामीरच्या बर्फापासून कुबलाईखानाच्या दरबारापर्यंतचा तो प्रवास सलगपणे अनुभवण्याचा मार्ग माझ्यासारख्या वाचकाला या कादंबरीतूनच मिळतो. डोनाल्ड कॉटन यांनी तर ट्रॉयच्या युद्धाची आपली हरवलेली कथा पुस्तकात आणताना साक्षात होमरलाच निवेदक केले. मूळ भाग सापडले तरी त्या पुस्तकाची जागा ते घेऊ शकणार नाहीत.

मुखपृष्ठांविषयी एवढेच सांगतो की सायप्रसमध्ये जन्मलेल्या क्रिस अकिलिऑस यांची ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेली चित्रे डायनोसॉरांना जी भव्यता देतात, ती त्या काळच्या पडद्यावरील बाहुल्यांना कधीच साधली नाही.

डिसेंबर 1989 मध्ये मालिका थांबली. येथून पुढची पंधरा-सोळा वर्षे हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण 1996 मधील एक दूरचित्रपट वगळता या काळात पडद्यावर नवे काही नव्हते. टार्गेट मुद्रा ताब्यात असलेल्या व्हर्जिन प्रकाशनाने 1991 पासून पूर्णपणे नव्या कथांची ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स’ ही कादंबरीमाला सुरू केली आणि एकही पुस्तक नावावर नसलेल्या लेखकांसाठीही दार उघडे ठेवले. लहानपणी टार्गेट वाचत वाढलेली पिढी आता स्वतः लिहू लागली. पॉल कॉर्नेल यांच्या 1995 मधील ‘ह्यूमन नेचर’ या कादंबरीत डॉक्टर आपले मूळ स्वरूप विसरून 1914 सालच्या एका इंग्रजी शाळेत साधा शिक्षक म्हणून राहतो, प्रेमात पडतो, आणि जगाला वाचवण्यासाठी त्याला हे छोटेसे माणूसपण सोडून द्यावे लागते. महायुद्ध तोंडावर आलेल्या त्या शाळेतील मुलांचे चित्रण वाचताना आपण एका मालिकेवरील पुस्तक वाचत आहोत याचा विसर पडतो. 2007 मध्ये कॉर्नेल यांनीच या कादंबरीवरून मालिकेसाठी दोन भाग लिहिले. ज्या व्यवहारात आजवर पुस्तकाने पडद्याकडून घ्यायचे असे, त्यात आता पडदा पुस्तकाकडे मागायला आला होता.

2005 मध्ये मालिका परत आणणारे रसेल टी. डेव्हिस हेही याच मालेचे लेखक. त्यांच्या 1996 मधील कादंबरीत सरकारी वसाहतीत राहणारे टायलर आडनावाचे एक कुटुंब आहे, आणि नऊ वर्षांनी त्यांनी नव्या मालिकेची नायिका लंडनच्या तशाच वसाहतीतून आणली तेव्हा तिचे आडनावही टायलरच ठेवले. सामान्य घरातील माणसांच्या ताणातून विश्वव्यापी संकट उभे करण्याची त्यांची रीत त्या कादंबरीत स्पष्ट दिसते. मार्क गेटिस यांनीही याच मालेत लिहिले होते. मालिका बंद असताना तिचे पुढचे लेखक पुस्तकांत तयार होत होते.

2018 मध्ये टार्गेटची मुद्रा नव्या मालिकेतील कथांसाठी पुन्हा वापरात आली आणि डेव्हिस आणि त्यांच्यानंतर नव्या मालिकेची धुरा सांभाळणारे लेखक स्टीव्हन मोफात यांनी आपापल्या पटकथांवर स्वतः कादंबऱ्या लिहिल्या. डेव्हिस यांचे ‘रोझ’ जुन्या परंपरेला साजेसे आहे. पडद्यावर ओझरत्या दिसलेल्या माणसांना त्यांनी हल्क यांच्याच पद्धतीने घर आणि भूतकाळ दिला आहे. मोफात यांचे पुस्तक अतिशय चतुर आहे, त्यात प्रकरणांचे क्रमांकही उलटसुलट आहेत, आणि मूळ भाग पाठ असलेल्या वाचकाला ते मनापासून आवडेल. तरीही माझी पसंती जुन्या पुस्तकांना आहे. ज्या मुलाने तो भाग पाहिलेला नाही आणि ज्याला तो कधीच पाहता येणार नाही, त्याच्यासाठी हल्क आणि डिक्स लिहीत होते. त्याला यान कसे दिसते, तळघरात किती अंधार आहे, डॉक्टरचा चेहरा आज कसा आहे, हे सगळे पहिल्या पानापासून सांगावे लागे, आणि ते दोघेही ते न कंटाळता सांगत.