आईच्या गुडघ्यांना झेपणारा किनारा

गेल्या जानेवारीत आम्ही न्यू जर्सीहून विमानाने पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनला गेलो आणि तेथून कॅरिबियन बेटांच्या सात रात्रींच्या क्रूझवर निघालो. सेंट थॉमस, सेंट किट्स, अँटिगा, सेंट लुशिया आणि बार्बाडोस अशी पाच बंदरे लागणार होती. बरोबर पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली आई होती. आईचे वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मात्र माहेर हर्णैचे असल्यामुळे तिला समुद्राचे फारसे कौतुकही नाही आणि भीतीही नाही. तिकिटे काढतानाच तिने अट घातली होती, “बोटीच्या गच्चीवरून समुद्र बघायला मी एवढ्या लांब येणार नाही. मला पाण्यात उभं राहायचंय.”

अट साधी होती, पण ती पुरी करताना माझी बरीच दमछाक झाली. जहाज एका बंदरात साधारण आठ-नऊ तास थांबते आणि त्यातले उतरण्याचे, वाहन शोधण्याचे व परतण्याचे तास वजा केले की हाती चार-पाच उरतात. किनाऱ्यांच्या ज्या याद्या वाचायला मिळतात त्या वाळू किती पांढरी आणि पाणी किती निळे यावरून लावलेल्या असतात. पण या दोन्ही गोष्टी त्या बेटांवर जवळजवळ प्रत्येक वळणावर मिळत असल्याने त्यांच्या आधारे निवड करण्यात काही हशील नसते. हे मला पहिल्याच बंदरात, चांगला घाम निघाल्यावर कळले.

सेंट थॉमसला आम्ही मॅगेन्स बे हा किनारा निवडला होता. आर्थर फेअरचाइल्ड यांनी १९४६ साली तो तेथील लोकांना देऊन टाकला आणि तेव्हापासून तो सार्वजनिक आहे. बाहेरून येणाऱ्यांना थोडे प्रवेशशुल्क पडते, पण त्या बदल्यात जीवरक्षक, स्वच्छतागृहे आणि झाडांची दाट सावली मिळते. उपसागर जमिनीत खोलवर शिरलेला असल्याने पाणी तळ्यासारखे शांत असते. किनाऱ्यात खोट काढायला जागाच नव्हती. अडचण होती ती डोंगराची, कारण जहाजांचे धक्के बेटाच्या दक्षिणेला आहेत आणि हा किनारा उत्तरेला. टेंपोच्या हौद्यात आडवी बाके टाकून वर छप्पर घातल्यासारख्या तिथल्या उघड्या टॅक्सीत चढायला उंच पायऱ्या होत्या आणि आईला वर घ्यायला दोघांनी हात द्यावा लागला. (अमेरिकेचा प्रदेश असूनही तिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालकही गाडीत डावीकडेच बसतो. प्रत्येक घाटवळणावर आईने माझे मनगट आवळले.) जाताना वीस-पंचवीस मिनिटे लागली. परत निघताना मात्र त्या दिवशी बंदरात तीन जहाजे असल्याचे ध्यानात आले, कारण टॅक्सीची रांग फाटकापासून पार झाडांच्या मागेपर्यंत गेली होती. उन्हात पन्नास मिनिटे उभे राहून आम्ही जहाजाचा दरवाजा बंद होण्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचलो. आई काहीच बोलली नाही, पण त्या रात्री गुडघ्यांना शेक घ्यावा लागला.

त्या रात्रीपासून मी हिशेब उलटा मांडू लागलो. जहाजावर परतण्याची शेवटची वेळ ही सुटण्याच्या वेळेच्या अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त आधीची असते. तिथून मागे येत परतीचा प्रवास धरायचा आणि त्यात रांगेसाठी एक संपूर्ण तास घालायचा. जो वेळ उरेल त्यात जो किनारा बसेल तो आपला. जहाजाच्या कंपनीकडून सहल घेतली असेल आणि ती बस अडकली, तर जहाज सहसा थांबते. आपण आपले गेलो असू तर ते कोणासाठी थांबत नाही आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपल्या खिशातून होतो. घड्याळाचाही एक सापळा आहे. सॅन हुआनची वेळ आणि या बेटांची वेळ एकच असल्याने आमचा त्रास वाचला. पण फ्लोरिडाहून सुटणारी जहाजे बऱ्याचदा फ्लोरिडाचीच वेळ पाळतात. उन्हाळ्यात फ्लोरिडात घड्याळे एक तास पुढे करतात, पण मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर वर्षभर वेळ बदलत नाही, त्यामुळे त्या दिवसांत तिथला मोबाइल जहाजापेक्षा एक तास मागे पडतो आणि त्याच्या भरवशावर राहणाऱ्याचे जहाज हुकते. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे, हे उत्तम.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ती आईमुळेच नीट उलगडली. कोकणातला माणूस समुद्रावर जाताना आधी विचारतो की भरती आहे की ओहोटी. सेंट किट्सला आईने हेच विचारले, तेव्हा चालक गोंधळला, कारण त्या बेटांवर भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूट-दोन फुटांचा असतो आणि तिची कोणी विचारपूस करत नाही. तिथे विचारायचे असते की किनारा बेटाच्या कोणत्या बाजूला आहे. शाळेच्या भूगोलात ज्यांना व्यापारी वारे म्हणत, ते तिथे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे अटलांटिककडची पूर्व बाजू खवळलेली आणि कॅरिबियन समुद्राकडची पश्चिम बाजू निवांत असते. सेंट किट्सच्या आग्नेय टोकाकडे जाताना टिमथी हिल नावाच्या चढावर चालकाने गाडी थांबवली आणि आम्हाला खाली पाहायला सांगितले. जमिनीची पट्टी तिथे इतकी चिंचोळी होते की डाव्या हाताला अटलांटिकच्या फेसाळ लाटा आणि उजव्या हाताला सपाट, हिरवट निळे पाणी एकाच वेळी दिसते. आईने दोन्हीकडे नीट पाहिले आणि उजवीकडे बोट दाखवले. “डावीकडे मुरूड, उजवीकडे खाडी. मी खाडीत उतरते.” आम्ही साउथ फ्रायर्स बेला गेलो. पूर्वेच्या बाजूला आणखी एक ताप असतो, तो सरगॅसम या तपकिरी शेवाळाचा. २०११ पासून त्याचे लोंढेच्या लोंढे या बेटांवर येऊ लागले आहेत, ते विशेषतः उन्हाळ्यात. पश्चिम किनारे त्यातून बऱ्याच प्रमाणात सुटतात.

अँटिगाला आम्ही टॅक्सीने जवळच्या डिकन्सन बेवर दोन तास काढले. तिथे सांगण्यासारखे काही घडले नाही आणि घडू नये हाच तर हेतू होता. सेंट लुशियाला सकाळपासून पाऊस होता, म्हणून आईने केबिनमध्ये झोप काढली.

बार्बाडोससाठी मात्र मी नकाशा घेऊन बसलो. ब्रिजटाउनच्या बंदरापासून कार्लाइल बे टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे. वाहन मिळालेच नाही, तरी गावातून सपाट रस्त्याने पाऊण तासात चालत परतता येते, आणि मला तर हाच आधार सर्वांत मोठा वाटला. बेटाच्या नैर्ऋत्येला असल्याने पाणी शांत. बार्बाडोसमध्ये किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे हॉटेलसमोरच्या वाळूवर बसलो म्हणून कोणी उठवत नाही. खुर्ची आणि छत्री हवी असल्यास भाड्याने मिळते. टॅक्सीत बसण्यापूर्वी दर ठरवावा आणि ते कुठले डॉलर आहेत तेही विचारावे, कारण एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर असा तिथला पक्का दर आहे आणि न विचारता दिले तर दुप्पट जातात. आणखी एक गोष्ट ऐन वेळी कळली. मुलाने लष्करी रंगाच्या ठिपक्यांची चड्डी घातली होती आणि बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकाने, मग ते मूल का असेना, असे कपडे घालणे कायद्याने मना आहे. ती बदलायला केबिनपर्यंत परत जावे लागले.

किनाऱ्यावर वाळूचा उतार मंद होता. मी हे मुद्दाम पाहत होतो, कारण जिथे दोन पावलांवर पाणी एकदम कमरेइतके होते तिथून दुखऱ्या गुडघ्यांनी बाहेर येणे फार जड जाते. सावलीसाठी झाड शोधताना मात्र सावध राहावे लागते. त्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड असते, ज्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात. फळच काय, त्याचा चीकही विषारी असतो. पावसात त्याच्या खाली उभे राहिले तर ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे आपला बिब्बाच की,” आणि सरळ छत्रीखाली जाऊन बसली.

मग ती उठली. सलवार गुडघ्यापर्यंत वर करून, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून ती पाण्यात शिरली आणि मांड्यांपर्यंत पाणी आल्यावर थांबली. पाणी इतके नितळ होते की तिला आपल्या पायांची बोटे दिसत होती आणि त्याचेच तिला नवल वाटत होते, कारण हर्णैला मातकट पाण्यात घोट्याखालचे काही दिसत नाही. सुमारे वीस हातांवर एका कासवाने डोके वर काढले, श्वास घेतला आणि बुडी मारली. या उपसागरात कासवे नेहमी असतात आणि ती दाखवायला होडीवाले पैसे घेतात. आईला ते फुकटात दिसले, हे तिने संध्याकाळपर्यंत चार जणांना ऐकवले. तळाशी बुडालेल्या जुन्या बोटींभोवती मासे पाहायला मुलगा आणि पत्नी होडीतून गेले. आई तासभर पाण्यातच उभी होती.

परतीच्या टॅक्सीच्या चालकाने आम्ही भारतीय आहोत हे ओळखले आणि वाटेत केन्सिंग्टन ओव्हलच्या फाटकापाशी गाडी उभी केली. मैदान बंदराच्या अगदी जवळ आहे. २९ जून २०२४ ला येथेच टी-२० विश्वचषक जिंकल्यावर रोहित शर्माने खेळपट्टीवरचे चिमूटभर गवत-माती तोंडात टाकली होती, त्याची आठवण काढून चालक खो खो हसला. आईची आठवण त्याहून जुनी निघाली. १९७१ च्या दौऱ्यात, वाडेकरांच्या संघातून खेळताना गावसकरांनी याच मैदानावर नाबाद ११७ धावा केल्या, तेव्हा माझ्या मामाने त्या बातमीचे कात्रण शिवणाच्या डब्यात ठेवले होते आणि आजीने सुया शोधताना ते चुलीत घातले. सर गारफिल्ड सोबर्स यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून तिने ती हकिगत चालकाला मराठीतच सांगितली आणि मी दुभाष्याचे काम केले.

धक्क्यावर उतरलो तेव्हा जहाज सुटायला पावणेदोन तास होते. अजून एक तास पोहता आले असते म्हणून मुलगा फुरंगटला. आई बाकावर बसून सँडलमधली वाळू झटकत होती. वर न पाहता ती म्हणाली, “त्या पहिल्या दिवशीची रांग विसरलास वाटतं?”