तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ गुटगुटीत आहे, मग बिघडलं कुठे?

नाशिकला सिडकोत लसीकरणाच्या दिवशी मी परिचारिका म्हणून असते. बाळ काट्यावर ठेवलं की एखादी आजी हमखास विचारते, "सिस्टर, गुटगुटीत आहे की, मग बिघडलं कुठे?"

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. अंगावर पिणारी कितीतरी बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत गुबगुबीत दिसतात आणि चालायला लागली की सडसडीत होतात. म्हणून मी गाल बघत नाही, कार्डावरची वजनाची रेषा बघते. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजनाच्या दुप्पट, वर्षाचं होताना तिप्पट, हा साधारण वेग. रेषा कार्डावर छापलेले वाढीचे पट्टे ओलांडत भराभर वर गेली, तर मोठेपणी लठ्ठपणा येण्याची शक्यता वाढते. अशा वेळी लांबीच्या मानानं वजन किती, तेही तपासावं लागतं.

या लठ्ठपणाची सुरुवात बाळ पोटात असतानाच होऊ शकते. आईचं आधीपासून जास्त असलेलं वजन, गरोदरपणात फार वाढलेलं वजन, त्या काळातला मधुमेह, धूम्रपान, ही त्यातली मुख्य कारणं. म्हणून गरोदरपणातली साखरेची तपासणी चुकवू नका. आणि कृपा करून यावरून सुनेला बोल लावू नका.

लहानखुऱ्या बाळांची मला जास्त काळजी वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. आता अशा बाळाला "भरून काढायला" घरचे काय करतात? तिसऱ्या महिन्यातच बाटलीत नाचणीसत्त्व, वर साखर. बाळानं तोंड फिरवलं तरी बाटली रिकामी करायचीच. पोट भरल्याचं बाळाला कळतं, तोंड फिरवून ते आपल्याला सांगतं, आणि ते सांगणंच आपण मोडून काढतो. अंगावर पिताना बाळ आपणहून थांबतं, बाटलीत उरलेलं दूध मात्र आपल्या डोळ्यांना दिसतं. पावडरचं दूध द्यावं लागत असेल तर जरूर द्या, डब्यावरच्या मापानंच करा, आणि बाळ थांबलं की थांबा.

उष्टावण सहा महिने पूर्ण झाल्यावर. द्राक्षांचा हंगाम असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला रस नको. चहात बुडवलेलं बिस्किट नको, मोबाइल दाखवून भरवणंही नको. चौथ्या महिन्यापासून वर्षापर्यंत दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी. कमी झोपेचाही वजनाशी संबंध दिसतो.

रेषा वर चढलीच, तर दूध पातळ करू नका, वरणभातावरचं चमचाभर तूपही तोडू नका. तान्ह्या बाळाला बारीक करायचं नसतं, वाढीचा वेग जागेवर आणायचा असतो. कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि बाळ काय पितं, किती वेळा पितं, कोण भरवतं, ते सगळं खरं सांगा.