वर्षअखेरचे दहा दिवस : विपश्यना केंद्रातील हिवाळी शिबिराचा वृत्तांत

२२ डिसेंबरला दुपारी दोनच्या सुमारास मी केंद्रावर पोहोचलो, तेव्हा नोंदणीच्या टेबलापुढे रांग लागली होती आणि रांगेतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या अंगात साधे सुती सदरे होते. ऊन छान पडले होते, त्यामुळे थंडीची आठवण कोणालाच नव्हती. सायंकाळी सूर्य डोंगराआड गेला आणि त्यानंतर तासाभरातच कार्यालयातील जादा ब्लँकेट संपली. माझे स्वतःचे जाड पांघरूण मी एका वयस्कर गृहस्थांना दिले आणि पुढच्या दहा रात्री दोन चादरी व एका स्वेटरवर काढल्या. डिसेंबरच्या अखेरीस अशा ठिकाणी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे, त्याचे मूळ त्या संध्याकाळी आहे.

केंद्र सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर, तालुक्याच्या गावापासून बरेच आत, धरणाच्या पाण्याजवळ आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या शिबिराचे नियम आणि वेळापत्रक इगतपुरीच्या धम्मगिरीवर जे आहे तेच जगभरातील केंद्रांवर आहे. फरक पडतो तो हवेचा, खोल्यांचा आणि पोहोचण्याच्या रस्त्याचा. तीन वर्षांपूर्वी मी याच केंद्रावर साधक म्हणून बसलो होतो. या वेळी धम्मसेवक म्हणून, मुख्यतः स्वयंपाकघरात, काम केले. एक शिबिर पूर्ण केलेल्या व्यक्तीलाच ही सेवा करता येते आणि तिचा मोबदला नसतो. सेवक दिवसातून तीन वेळा, म्हणजे सकाळी आठ, दुपारी अडीच आणि सायंकाळी सहाच्या सामूहिक साधनेला साधकांबरोबर बसतात आणि उरलेला वेळ भाजी चिरणे, ताटे मांडणे, घंटा वाजवणे यांत जातो. साधक म्हणून जे दिसत नाही ते सेवक म्हणून दिसते, एवढ्यासाठीच पुढील सूचना मी आत्मविश्वासाने करू शकतो.

आधी तारखांविषयी. शिबिराला दहा दिवसांचे म्हटले जाते, परंतु रजा बारा दिवसांची लागते. आमच्या शिबिरात २२ डिसेंबरला आगमन, २३ डिसेंबर हा पहिला दिवस, १ जानेवारी हा दहावा आणि २ जानेवारीच्या सकाळी समाप्ती, असा हिशेब होता. नाताळची सुट्टी आणि शिल्लक राहिलेल्या रजा यांमुळे वर्षअखेरीच्या शिबिरांच्या जागा फार लवकर भरतात, म्हणून ऑनलाइन अर्ज नोंदणी सुरू होताच भरावा. प्रतीक्षायादीत नाव लागले तरी आशा सोडू नये, कारण शेवटच्या आठवड्यात अनेक जण रद्द करतात. मात्र ज्यांना जमणार नाही त्यांनी तसे वेळेवर कळवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे पहिल्या रात्री काही खोल्या रिकाम्या राहिल्या. न कळवता न आलेल्या माणसांच्या त्या जागा होत्या आणि त्या जागांसाठी थांबलेली माणसे त्या वेळी आपापल्या घरी होती. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजा मिळण्याची तरतूद आहे. त्याबाबत आपल्या आस्थापना शाखेत आधीच चौकशी करून अर्ज करावा.

अर्जात शारीरिक व मानसिक आजारांविषयी प्रश्न असतात. त्यांची उत्तरे खरी द्यावीत. दहा दिवसांचे मौन आणि दिवसाचे दहा तास ध्यान हे सौम्य प्रकरण नाही, आणि मानसिक आजारावर उपचार सुरू असलेल्या व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात उतरू नये. औषधे स्वतःच्या मनाने बंद करून येणे तर अजिबात योग्य नाही. आजार बरा करून घेण्याच्या अपेक्षेनेही येऊ नये. गोयंका हे मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीच्या दुखण्याने हैराण होऊन ते ब्रह्मदेशातील विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ दुखणे घालवायचे असेल तर ही साधना त्यासाठी नाही, असे सांगून त्यांना आधी परत पाठवण्यात आले होते. पुढे तेच १९६९ मध्ये ही साधना घेऊन भारतात आले, ही गोष्ट प्रवचनातही येते.

दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होतो आणि रात्री साडेनऊला दिवे मालवले जातात. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग न्याहारी, आठ ते अकरा ध्यान, अकराला जेवण, एकपर्यंत विश्रांती, एक ते पाच ध्यान, पाचला चहा, सहा ते सात सामूहिक साधना, सातला ध्वनिमुद्रित प्रवचन आणि त्यानंतर पुन्हा थोडे ध्यान, असा क्रम रोज तोच असतो. पहिले साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष द्यायचे, ज्याला आनापान म्हणतात, आणि चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहणे, शिकवली जाते. तेव्हापासून सामूहिक साधनेच्या तासात हात, पाय आणि डोळे न उघडता बसण्याचा निश्चय करायचा असतो. बोलणे, खुणा करणे, वाचणे, लिहिणे, फोन, जपमाळ, व्यायाम या सर्वांना बंदी असते. पती-पत्नी एकाच शिबिरात असले तरी स्त्री-पुरुषांचे विभाग पूर्ण वेगळे असतात. घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा क्रमांक देऊन ठेवावा. तातडीचा निरोप साधकापर्यंत पोहोचवला जातो.

आता थंडीविषयी, कारण हिवाळी शिबिराचा खरा प्रश्न तोच आहे. पहाटे घंटा वाजवण्याचे काम चार दिवस माझ्याकडे होते. पितळी घंटेचा दांडा हातात धरवत नसे, म्हणून मी तो मफलरच्या टोकात धरून वाजवत असे. विजेरीच्या उजेडात श्वासाची वाफ दिसे आणि खोल्यांमागच्या शेतातील ज्वारीवर दव इतके असे की पायवाटेने चालले तरी पायजम्याच्या कडा भिजत. अशा हवेत खोलीतून ध्यानकक्षापर्यंतचे अंतर चालायचे, चपला बाहेर काढायच्या आणि फरशीवर दोन तास बसायचे असते. म्हणून लोकरीचे मोजे किमान तीन जोड आणावेत. पादत्राणे अशी असावीत की वाकून बंद किंवा नाडी सोडावी लागणार नाही, कारण दिवसातून दहा-बारा वेळा ती काढावी आणि घालावी लागतात. कानटोपी, एक मोठी लोकरी शाल आणि स्वतःचे जाड पांघरूण या तीन वस्तू केंद्रावर मिळतील असे गृहीत धरू नये.

जॅकेटविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. अलीकडे बहुतेकांकडे नायलॉनची फुगीर जॅकेटे असतात. ती उबदार असतात, परंतु ऐंशी माणसे निःशब्द बसलेल्या सभागृहात एकाने खांदा हलवला तरी त्यांची सळसळ दहा रांगांपर्यंत ऐकू जाते, आणि वेलक्रोची पट्टी उघडण्याचा आवाज तर झोपलेल्यालाही जागे करील. ध्यानकक्षासाठी लोकरीचा स्वेटर आणि शाल हीच सर्वांत योग्य वस्त्रे होत. खोकल्याचेही तसेच आहे. हिवाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कोणाचा तरी घसा धरतो आणि खोकणाऱ्याला इतरांपेक्षा अधिक संकोच वाटतो. खडीसाखर, ज्येष्ठमध किंवा घशाच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात आणि सेवकाकडे गरम पाणी निःसंकोच मागावे; सेवकाशी गरजेपुरते बोलण्याची मुभा असते. ओठ व टाचा फुटतात, त्यासाठी सुगंध नसलेले मलम किंवा खोबरेल तेल आणावे, कारण अत्तर आणि सुवासिक वस्तू वापरायच्या नसतात.

अंघोळ पहाटे करण्याचा हट्ट धरू नये. साडेसहानंतरचा किंवा जेवणानंतरचा वेळ त्यासाठी बरा, आणि कपडे धुवायचे तर दुपारीच धुवावेत, कारण सायंकाळी वाळत घातलेला कपडा दुसऱ्या सकाळी अधिकच ओला लागतो. दुपारच्या विश्रांतीत खोलीत झोपून राहण्यापेक्षा उन्हात बसावे. पुरुष विभागातील पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर त्या वेळी बारा-पंधरा जण एकमेकांकडे न पाहता, गुडघ्यांवर हात ठेवून, मांजरांसारखे उन्हाकडे तोंड करून बसलेले असत. संपूर्ण शिबिरात मला आवडलेले दृश्य कोणते असे कोणी विचारले तर मी तेच सांगेन.

स्वयंपाकघरात आम्ही सात जण होतो. न्याहारी, अकराचे जेवण आणि पाचचा चहा एवढाच दिनक्रम असतो. सायंकाळी नव्या साधकांना चहा-दूध, फळ आणि मुरमुरे मिळतात, तर जुन्या साधकांना, म्हणजे आधी एखादे शिबिर केलेल्यांना, केवळ लिंबूपाणी, कारण दुपारी बारानंतर न खाण्याचे शील त्यांनी घेतलेले असते. रात्रीचे जेवण नाही याची चिंता येणाऱ्यांना फार असते, पण तिसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप मावळते. उलट अकरा वाजता सायंकाळची भरपाई म्हणून भरपेट जेवणारे एकच्या बैठकीत पेंगतात. पोट थोडे रिकामे ठेवावे.

दुसरा आणि सहावा हे दिवस कठीण असतात, असे जुने सेवक सांगतात, आणि तसेच घडले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण बॅग भरून कार्यालयापुढे उभा राहिला. त्याला पाठदुखी सहन होत नव्हती. सहायक आचार्यांनी त्याला भिंतीला टेकून बसण्याची परवानगी दिली आणि तो शेवटपर्यंत राहिला. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर पहिल्याच दिवशी सांगून खुर्ची मागावी. त्यात कमीपणा काहीच नाही. निघून जाण्याचा विचार आला तरी निर्णय रात्रीच्या प्रवचनानंतर घ्यावा.

३१ डिसेंबर हा नववा दिवस होता. साडेनऊला दिवे मालवले आणि थोड्याच वेळात धरणाच्या पलीकडच्या काठावरून ध्वनिवर्धकांचा ठेका ऐकू येऊ लागला. बाराला फटाके वाजले. मी दुसऱ्या दिवसाचे हरभरे भिजत घातले होते, ते पाहायला उठलो, तर अंगणात तीन-चार साधक शाली पांघरून पाण्यापलीकडच्या प्रकाशाकडे पाहत उभे होते. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने एकेक जण आत गेला आणि पहाटे चारला घंटा वाजल्यावर ते सगळे वेळेवर ध्यानकक्षात आले.

१ जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास मंगल मैत्रीची, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याची, साधना होऊन आर्यमौन संपले. ज्या भोजनगृहात नऊ दिवस फक्त वाट्या-चमच्यांचा आवाज होता, तेथे आम्हांला आपापसात बोलायलाही मोठ्याने बोलावे लागले. त्याच दिवशी दानाचे टेबल मांडले जाते. शिबिराचे, राहण्या-जेवणाचे शुल्क नसते आणि किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेल्या व्यक्तीकडूनच दान स्वीकारले जाते. याचा अर्थ असा की आपण दहा दिवस जे जेवलो, ज्या खोलीत झोपलो, त्याचा खर्च पूर्वी बसून गेलेल्या कोणा अनोळखी माणसाने केलेला असतो. पहिल्या खेपेस हे मला केवळ ऐकून माहीत होते. या वेळी पोत्यातील तांदूळ मोजून काढताना ते हाताला कळले. आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, आणि नसेल तर न देता जावे. तेथे कोणी हिशेब विचारत नाही.

२ जानेवारीला सकाळी सातच्या आत सर्व आटोपते आणि बहुतेक जण पहिली एसटी पकडण्याच्या घाईत असतात. फोन परत मिळाल्यावर तो लगेच चालू करण्याची घाई करू नये, आणि स्वतःचे वाहन असेल तर रस्त्यावर सावकाश चालवावे, कारण इतक्या शांततेनंतर वेग आणि गोंगाट अंगावर येतात. शक्य असेल तर परतीचे तिकीट दुपारनंतरचे काढावे. खोल्या झाडणे, गाद्या उन्हात टाकणे आणि ब्लँकेट झटकून मोजणे या कामांना त्या सकाळी माणसे कमी पडतात. आम्ही चौदा जण थांबलो आणि बारापर्यंत कुंपणाच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ब्लँकेट वाळत पडली होती. पुढचे शिबिर पाच तारखेला सुरू होणार होते.